दोन स्कॅनच्या मधले दिवस: मोठ्या आतड्याच्या प्रगत कर्करोगानंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा कर्करोग मोठ्या आतड्यातून यकृतात गेला होता, म्हणजे चौथी स्टेज. केमो झाली, आतड्याचं ऑपरेशन झालं, पुन्हा केमो झाली, मग यकृताचं ऑपरेशन. आता औषधं बंद आहेत आणि दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. मी डॉक्टर नाही. पण याच वाटेने मागून येणारी माणसं, त्यांचे नवरे, बायका, मुलं मला जे विचारतात, ते बहुतेक तेच असतं जे पहिल्या वर्षी रात्री दोन वाजता मी स्वतःला विचारायचे. उपचारांचे निर्णय तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टबरोबरच घ्या. इथे लिहिलंय ते उरलेल्या वेळासाठी, आणि तो वेळ खूप असतो.

उपचार संपले, सगळे अभिनंदन करतायत. मग मला रडू का येतंय?

कारण उपचार चालू असताना दर पंधरा दिवसांनी कोणीतरी तुमच्याकडे बघत होतं. रक्त तपासलं जायचं, नर्स नावाने हाक मारायची, पोर्टला, म्हणजे औषधासाठी छातीत त्वचेखाली बसवलेल्या डबीला, सुई टोचली जायची. शरीराचे हाल होत होते, पण आजाराच्या मागे कोणीतरी हात धुऊन लागलंय हे दिसत होतं. मग एक दिवस केमोचं औषध सोडणारा शेवटचा पंप निघतो आणि डॉक्टर म्हणतात, "आता तीन महिन्यांनी भेटू." घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. तुम्हाला मात्र गर्दीत कोणीतरी आपला हात सोडल्यासारखं वाटतं.

शिवाय केमोच्या दिवसांत मनाला घाबरायला सवड नसते. मळमळ, पांढऱ्या पेशी, पुढची तारीख, यातच आठवडा जातो. साचून राहिलेली भीती सवड मिळाली की वर येते. माझी शेवटच्या केमोनंतर सहाव्या आठवड्यात आली, कपड्यांच्या घड्या घालताना, काहीही कारण नसताना. तुम्ही कृतघ्न आहात म्हणून हे होत नाही. आजार परतल्याची ती खूणही नाही.

स्कॅन जवळ आला की जीव टांगणीला लागतो. हे सगळ्यांनाच होतं का?

कमी-जास्त प्रमाणात, जवळपास सगळ्यांना. इंग्रजीत याला 'स्कॅन्झायटी' असा शब्दच आहे. ब्रूस फायलर या अमेरिकन लेखकाने २०११ मध्ये टाइम साप्ताहिकात या भीतीवर लिहिलं. त्याला स्वतःला मांडीच्या हाडाचा कर्करोग झाला होता. त्यानंतर तो शब्द रुग्णांच्या आणि मग डॉक्टरांच्याही तोंडी रुळला. शब्द सापडला म्हणून भीती जात नाही, पण हे आपलं एकटीचं वेड नाही एवढं कळतं.

आतड्याच्या रुग्णांची एक वेगळी अडचण असते, ती कोणी आधी सांगत नाही. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी थेट जोडलेली आहेत. ताण आला की निरोगी माणसाचंही पोट बिघडतं. गुदाशयाचं ऑपरेशन झालेल्यांना तर घाईने जावं लागणं, पुन्हा पुन्हा जावं लागणं हा त्रास एरवीही असतो. मग स्कॅनच्या आठवड्यात पोटात कळ येते, आणि कळ आली की वाटतं, आलाच तो परत. या विचाराने ताण वाढतो आणि पोट आणखी बिघडतं. हे चक्र मी चार वेळा पूर्ण फिरल्यावर माझ्या लक्षात आलं की माझं पोट दर वेळी स्कॅनच्या आठ दिवस आधी बिघडतं आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी जाग्यावर येतं. आजाराला माझ्या अपॉइंटमेंटची तारीख माहीत नसते. तेव्हापासून कॅलेंडरवर मी पोटाचीही नोंद ठेवते, आणि पुढच्या वेळी घाबरले की ते पान उघडते.

स्कॅन किती दिवसांनी आणि किती वर्षं?

चौथ्या स्टेजमध्ये दिसणारा सगळा आजार ऑपरेशनने काढला असेल, तर साधारणपणे पहिली २ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी सीटी स्कॅन करतात. पुढे ६ ते १२ महिन्यांनी, एकूण ५ वर्षांपर्यंत. सोबत सीईए ही रक्ततपासणी असते. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, ऑपरेशननंतर वर्षभराने करतात. ती स्वच्छ आली तर पुढची ३ वर्षांनी आणि मग ५ वर्षांनी. औषधं अजून चालू असतील तर स्कॅन दोन-तीन महिन्यांनी होतो, कारण तेव्हा औषध लागू पडतंय का हे बघायचं असतं.

आजार परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, म्हणून सुरुवातीला पहारा कडक असतो.

दर वेळी यकृत आणि फुप्फुसांकडेच का बघतात?

आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेन या शिरेतून थेट यकृतात जातं. निसटलेल्या पेशींचा पहिला मुक्काम म्हणूनच बहुधा तिथे पडतो, आणि फुप्फुसं त्याच्या पुढे येतात. गुदाशयाच्या खालच्या भागातलं काही रक्त यकृताला वळसा घालून जातं, त्यामुळे त्या रुग्णांमध्ये कधी कधी फुप्फुसात आधी दिसतं.

सीईए वाढलं म्हणजे आजार परतलाच का?

नाही, पण दुर्लक्षही करू नका. सीईए हे प्रथिन गर्भातल्या बाळाच्या आतड्यात तयार होतं. १९६५ मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी ते आतड्याच्या गाठींमध्ये शोधून काढलं. साधारण ५ च्या खाली असलं की ठीक मानतात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ते मुळातच थोडं जास्त असतं. यकृताची सूज, स्वादुपिंडाचा दाह, आतड्याची जुनाट सूज यांनीही ते वाढतं, आणि केमोच्या काळात तात्पुरतं वर जाऊ शकतं. उलट काहींच्या गाठी सीईए बनवतच नाहीत. त्यांचा आकडा आजार असतानाही शांत असतो.

म्हणून एका आकड्यापेक्षा चढती रेघ महत्त्वाची. २.१ वरून २.८ झालं म्हणून मी एकदा रात्रभर जागले होते. डॉक्टरांनी मागच्या सात तपासण्या एका ओळीत लिहून दाखवल्या: २.४, १.९, २.७, २.२ अशा वर-खाली होणाऱ्या. २.८ त्याच लाटेतलं पाणी होतं. शक्यतो तपासणी एकाच लॅबमध्ये करा, कारण वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी माझ्या हातात येतो. वाचू का?

हे स्वभावावर आहे. पण वाचायचाच असेल तर त्याची भाषा आधी शिकून घ्या. ती भाषा एका रेडिओलॉजिस्टने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेली असते, तुमच्यासाठी नाही, आणि तिच्यात धीर देणारा सूर नसतोच.

'स्टेबल' म्हणजे जैसे थे. आपल्या बाबतीत हा फार चांगला शब्द आहे, तो कोरडा वाटला तरी. 'अनरिमार्केबल' म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो शब्द अपमानास्पद वाटला होता, आता त्याच्यासारखा गोड शब्द नाही. 'इनडिटरमिनेट' म्हणजे काय आहे ते या स्कॅनवरून ठरवता येत नाही. फुप्फुसात तीन-चार मिलिमीटरचा ठिपका दिसला की हा शब्द हमखास येतो. असे ठिपके जुन्या संसर्गाच्या वणासारख्या कारणांनीही असतात आणि कर्करोग नसलेल्या पुष्कळ लोकांच्या फुप्फुसातही सापडतात. तो वाढतोय का हे पुढच्या स्कॅनमध्येच कळतं. यकृतातली 'सिस्ट' (पाण्याची पिशवी) किंवा 'हिमँजिओमा' (रक्तवाहिन्यांचा पुंजका) बहुधा निरुपद्रवी असतात. 'फॅटी लिव्हर' केमोचा मागे राहिलेला परिणामही असू शकतो. ऑपरेशनच्या जागी 'पोस्ट-ऑपरेटिव्ह चेंजेस' असं येतं, ते व्रण भरल्याचं वर्णन असतं.

मापांचं सांगायचं तर गाठ १४ मिलिमीटरवरून १५ झाली म्हणजे वाढली असं समजत नाहीत. स्कॅनचे काप कुठून गेले, मोजणारा कोण, यावर एवढा फरक पडतोच. औषधांच्या चाचण्यांमध्ये 'रेसिस्ट' नावाचा नियम वापरतात. त्यात मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिलिमीटरने वाढली तर वाढ मानतात, ३० टक्क्यांनी कमी झाली तर प्रतिसाद. मधलं सगळं 'स्टेबल'. पेट स्कॅनमध्ये चमकणारी प्रत्येक जागा कर्करोगाची नसते. तिथे दिलेली किरणोत्सारी साखर सूज आलेल्या, भरून येणाऱ्या पेशीही ओढून घेतात.

मी स्वतः आता वाचत नाही. तिसऱ्या स्कॅनचा रिपोर्ट मी शुक्रवारी संध्याकाळी उघडला. त्यात 'इनडिटरमिनेट' होतं, आणि डॉक्टर सोमवारी भेटणार होते. त्या अडीच दिवसांत घरातलं कोणीही धड जेवलं नाही. सोमवारी डॉक्टरांनी जुना स्कॅन शेजारी लावला. तो ठिपका दोन वर्षांपासून तिथेच होता, तेवढाच. आता रिपोर्ट माझा नवरा उघडतो, आणि भेटीपर्यंत चेहरा सांभाळायचं काम त्याचं. हे त्याला विचारून ठरवलंय. न विचारता हे ओझं कोणावर टाकू नये.

स्कॅनच्या आधीचे दिवस काढायचे कसे?

काढायचे म्हणजे कसेबसे ढकलायचे, असं असेल तर वर्षाचे दीड-दोन महिने यातच जातील. मी हिशोब केला होता. वर्षाला चार स्कॅन, प्रत्येकाआधी दहा दिवस आणि नंतर निकालाचे तीन-चार. इतके दिवस मला या आजाराला फुकट द्यायचे नव्हते.

मला जे उपयोगी पडलं ते सांगते. एक म्हणजे अपॉइंटमेंट ठरवतानाच निकालाच्या भेटीची वेळ मागून घेते, शक्य तितकी जवळची, आणि स्कॅन आठवड्याच्या सुरुवातीला ठेवते म्हणजे मध्ये शनिवार-रविवार येत नाही. भीती कमी करण्याचा मला सापडलेला हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि तो मनाचा नाहीच, वेळापत्रकाचा आहे. निःसंकोच मागा. बहुतेक डॉक्टर तेवढं करतात.

दुसरं, काळजीला वेळ ठरवून दिली. संध्याकाळी सहा ते साडेसहा मी वही घेऊन बसते आणि जे जे वाटतंय ते सगळं लिहिते: यकृतात परत आला तर, मुलीच्या परीक्षेच्या वेळी आला तर, या वेळी ऑपरेशन झालंच नाही तर. दिवसभरात असा विचार आला की त्याला सांगते, सहाला ये. सुरुवातीला हे पोरकट वाटलं. पण सहा वाजेपर्यंत निम्मे विचार येतच नाहीत, आणि जे येतात ते कागदावर शब्दांत मांडले की डॉक्टरांना विचारायचे प्रश्न होतात.

रात्री झोप उडाली की श्वास मोजते: चार आकडे आत, सहा-सात बाहेर. बाहेर सोडणारा श्वास लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराचीच रचना आहे. आणि रात्री नऊनंतर फोनवर आजाराबद्दल काही शोधायचं नाही. हा नियम मी अजूनही अधूनमधून मोडते आणि दर वेळी पस्तावते.

टेबलावर झोपल्यावर काय होतं?

सीटीचा प्रत्यक्ष स्कॅन काही मिनिटांचा. शिरेतून आयोडीनयुक्त औषध जातं तेव्हा घशापासून ओटीपोटापर्यंत एकदम ऊब पसरते, तोंडात धातूसारखी चव येते आणि लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. मग यंत्रातून आवाज येतो, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. त्या रोखलेल्या श्वासात मला दर वेळी वाटतं की बाहेर काचेमागे कोणाला तरी आत्ता कळलं असेल. मी टेक्निशियनचा चेहरा वाचायला जायचे. एकदा तो गप्प होता म्हणून मी घरी येईपर्यंत रडले, आणि तो स्कॅन स्वच्छ होता. निकाल रेडिओलॉजिस्ट नंतर बसून काढतो. टेक्निशियनचा चेहरा म्हणजे त्या दिवशीची त्याची दमणूक, एवढंच.

पूर्वी या औषधाची अ‍ॅलर्जी झाली असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आधीच सांगा. एमआरआय जास्त लांबतो आणि फार आवाज करतो. बंद जागेची भीती असेल तर शामक गोळी मिळू शकते. मागायला लाजू नका.

कुठेही दुखलं की वाटतं परत आला. केव्हा घाबरायचं?

शरीरावरचा विश्वास उडालेला असतो, कारण या शरीराने एकदा आपल्याला काही कळू न देता फसवलंय. तो परत यायला वेळ लागतो.

माझ्या डॉक्टरांनी एक साधी मोजपट्टी दिली: नवीन आहे का, दोन आठवडे टिकलंय का, वाढतंय का. तिन्हीला 'हो' असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. शौचातून रक्त जाणं, कावीळ, कारण नसताना वजन उतरणं, पोट फुगून उलट्या होणं आणि गॅस-शौच बंद होणं, धाप लागणं, यांसाठी मात्र दोन आठवडेही थांबायचं नाही. आतडं अडल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

आणि उपचारांचे अवशेष ओळखायला शिका. ऑक्झॅलिप्लॅटिनमुळे हातापायांना येणाऱ्या मुंग्या, बधिरपणा औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने वाढू शकतो. हे मला माहीत नव्हतं. शर्टाचं बटण बोटांना लागेना तेव्हा आजार मेंदूत गेला असं मी धरून चालले होते.

इंटरनेटवर जगण्याचे आकडे वाचले आणि हातपाय गळाले. ते खरे असतात का?

आकडे खरे असतात. त्यांचा अर्थ मात्र आपण चुकीचा लावतो. 'सरासरी अमुक महिने' असं जे लिहिलेलं असतं तो बहुधा मध्यक असतो, म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आत गेले आणि निम्मे त्यापुढे जगले. त्या पुढच्या निम्म्यांपैकी कोण किती पुढे गेलं हे त्या एका आकड्यात दिसतच नाही. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये मेसोथेलिओमा हा पोटाच्या अस्तराचा कर्करोग झाला. ग्रंथालयात त्यांना मध्यक सापडला, ८ महिने. ते पुढे २० वर्षं जगले आणि २००२ मध्ये वेगळ्याच कर्करोगाने गेले. आपल्यालाही तसंच होईल असा याचा अर्थ नाही, मी तसं सांगणारही नाही. पण मध्यक ही भिंत नसते.

शिवाय आकडे नेहमी मागचे असतात. पाच वर्षांचा आकडा काढायचा तर किमान पाच वर्षांपूर्वी उपचार घेतलेली माणसं लागतात. १९९० च्या दशकात पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगाचा मध्यक वर्षभराच्या आसपास होता. अलीकडच्या औषधचाचण्यांमध्ये तो अडीच वर्षांच्या घरात गेलाय. यकृतातल्या गाठी पूर्ण काढता आल्या अशा रुग्णांपैकी साधारण ४० टक्के पाच वर्षांनी हयात असतात, आणि पाच-सहा जणांत एखाद्याला आजार पुन्हा कधीच होत नाही. हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला फक्त उरलेले चार-पाच जण दिसले. आता तो एकही दिसतो.

अजून एक गोष्ट पहिल्या दिवशीचा आकडा सांगत नाही. जसजसा काळ आजाराविना जातो तसतशी पुढची शक्यता सुधारत जाते. तीन वर्षं स्वच्छ काढलेल्या माणसाने निदानाच्या दिवशीचा आकडा वाचून रडू नये. तो आता त्याचा नाही.

मग आशा नेमकी कशाची धरायची?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारतात, आणि विचारताना आवाज खाली येतो.

पहिलं दीड वर्ष माझी आशा म्हणजे पुढचा रिपोर्ट होता. तो चांगला आला की दोन आठवडे हवेत, मग हळूहळू खाली, मग पुन्हा टांगणी. आशा अशी कागदावर टाकून दिली की ती दर तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या हातात जाते. मला ते सहन होईना.

टोरांटोचे मानसोपचारतज्ज्ञ गॅरी रोडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रगत कर्करोगाच्या रुग्णांसाठी मोजक्या बैठकांची एक समुपदेशन पद्धत तयार केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत रुग्णांची उदासी कमी झाल्याचं दिसलं. त्या पद्धतीतली एक कल्पना मला फार जवळची वाटते: दुहेरी जाणीव. मरण येऊ शकतं हेही माहीत असणं आणि तरी जगण्यात पूर्ण गुंतलेलं असणं, दोन्ही एकाच वेळी. एक निवडायचं नसतं. मी मृत्युपत्र केलं त्याच आठवड्यात मुलीच्या खोलीला नवा रंग दिला. बहीण म्हणाली, "यातलं तुझं खरं कुठलं?" दोन्ही खरी होती. मृत्युपत्र करून टाकलं म्हणून तर रंग निवडताना मन मोकळं होतं.

त्यामुळे आता आशेचे थर आहेत असं म्हणेन. बरं होण्याची आहे, ती मी सोडलेली नाही. नाही झाले तर दीर्घकाळ आटोक्यात राहण्याची आहे. त्याखाली दुखणं सुसह्य राहण्याची, मुलीशी बोलायचं राहून न जाण्याची, आणि अगदी तळाशी आजच्या दिवसाची. वरचा थर हलला तरी खालचे हलत नाहीत.

"सकारात्मक राहा" म्हणणाऱ्यांना काय सांगू?

सांगा की प्रयत्न करतोय, आणि विषय बदला. जवळचं माणूस असेल तर मात्र खरं सांगा. घाबरल्याने किंवा रडल्याने गाठ वाढते याला पुरावा नाही. आजार परतला तर "मी पुरेशी खंबीर नव्हते" हा अपराध माथी घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि त्यांच्यासाठी माझा जीव तुटतो. उसनं अवसान आणायची सक्ती रुग्णावर करू नये.

मुलांना सांगायचं का?

सांगायचं, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. न सांगता त्यांना कळतंच, आणि मग ती मनाने उरलेलं रचतात, ते बहुतेक वेळा खऱ्याहून भयंकर असतं. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिने विचारलं, "तू मरणार आहेस का?" मी म्हटलं, "आत्ता नाही. पुढचं मला माहीत नाही, पण काही कळलं तर तुझ्यापासून लपवणार नाही." ती बराच वेळ काही बोलली नाही, मग अभ्यासाला बसली. स्कॅनच्या दिवशी ती अजूनही शाळेतून आल्या आल्या दारातूनच विचारते, "काय झालं?" आणि मी खरं तेच सांगते.

रिपोर्ट चांगला आला, तरी रिकामं वाटतं. असं का?

दहा दिवस शरीर धोक्यासाठी ताणलेलं असतं. धोका टळला की तोल जातो, थकवा येतो. कधी केमोच्या खुर्चीवर शेजारी बसणारं माणूस या वेळी नसतं, आणि आपण आहोत याचीच लाज वाटते. त्या माणसाचं नाव घेऊन थोडा वेळ शांत बसा. निकालाच्या दिवशी मोठा समारंभ ठरवू नका. मी त्या दिवशी दुपारी झोपते.

आणि स्कॅनमध्ये काही दिसलंच तर?

त्या भेटीला कोणालातरी बरोबर न्या, आणि बोलणं लिहून घ्या किंवा परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. पहिल्या वाक्यानंतर कानावर काहीच पडत नाही.

परतलेला आजार म्हणजे रस्ता संपला असं दर वेळी नसतं. यकृत वाढून येतं. निरोगी यकृताचा साधारण ७० टक्के भाग काढला तरी उरलेला वाढून काम सांभाळतो, म्हणून काहींचं यकृताचं ऑपरेशन दुसऱ्यांदाही होतं. लहान गाठी उष्णतेने जाळता येतात किंवा नेमक्या रेडिएशनने मारता येतात. गाठीच्या जनुकीय तपासण्या झाल्यात का ते विचारा: केरास, एनरास, बीरॅफ, हर-२ आणि एमएसआय. पसरलेल्या आजारात शंभरातल्या चार-पाच गाठी 'एमएसआय-हाय' असतात, म्हणजे त्यांच्या पेशींत डीएनएमधल्या चुका दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडलेली असते. त्यांच्यावर पेंब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी चालते आणि काहींचा आजार कित्येक वर्षं शांत राहतो. अमेरिकेत या औषधाला अशा रुग्णांच्या पहिल्या उपचारासाठी २०२० मध्ये मान्यता मिळाली. उरलेल्या गाठींसाठीही नेमकी औषधं दर काही वर्षांनी येत आहेत. मोठा निर्णय असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही.

पॅलिएटिव्ह केअरचं नाव काढलं की घरचे हादरतात. म्हणजे आता काही उरलं नाही का?

हा गैरसमज लोकांचा फार छळ करतो. दुखणं, मळमळ, झोप, भीती यांवर काम करणारी ती डॉक्टरांची आणि नर्सची वेगळी टीम असते, आणि ती केमोच्या बरोबरीने घेता येते. २०१० मध्ये बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांचं जगणं सुसह्य झालं, उदासी कमी झाली, आणि मध्यक काढला तर ते अडीच महिन्यांहून थोडे जास्तच जगले. माझ्या बधिर बोटांवर खरा उपाय सुचवला तो याच टीमने.

व्यायामाने फरक पडतो का?

२०२५ मध्ये 'चॅलेंज' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना केमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला. पाच वर्षांनी त्या गटातले सुमारे ८० टक्के आजारमुक्त होते, फक्त माहितीपुस्तिका मिळालेल्या गटातले ७४ टक्के. हे रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजचे होते, त्यामुळे चौथ्या स्टेजला तो आकडा जसाच्या तसा लावू नका. पण चालल्याने झोप, थकवा आणि धाकधूक यांत फरक पडतो, तो मी रोज अनुभवते. स्टोमा, म्हणजे शौचासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, असेल किंवा पोटावर ताजा टाका असेल तर वजन उचलण्याआधी विचारा.

समुपदेशकाकडे केव्हा जायचं?

भीती निकालानंतरही उतरत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, स्कॅन टाळावासा वाटत असेल, किंवा उलट रोज नव्या तपासणीची मागणी मन करत असेल, तर लगेच. विचार-वर्तन उपचारपद्धतीचा परतीच्या भीतीवर उपयोग होतो आणि गरज पडली तर औषधंही असतात. जगूच नये असं वाटलं तर त्या क्षणी घरच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना फोन करा. मी सात महिने थांबले. थांबायला नको होतं.

पुढच्या वर्षीचे बेत आखू की नको?

आखा. रद्द करता येईल असं तिकीट काढा, विमा बघा, पण आखा. सुरुवातीला मी फक्त पुढच्या स्कॅनपर्यंतचंच कॅलेंडर भरायचे, त्यापलीकडची पानं कोरी. मग लक्षात आलं की पानं कोरी ठेवण्याचं काम आजार करत नव्हता, मी करत होते.

या वर्षी मी चित्रकलेच्या दोन वर्षांच्या वर्गाला नाव घातलं. फॉर्मवर 'दोन वर्षे' हे शब्द वाचून हात थांबला होता. बोटं अजून बधिर आहेत, बारीक कुंचला कळत नाही, म्हणून बाईंनी मला दांडीला कापड गुंडाळलेला जाड कुंचला दिलाय. पुढचा स्कॅन मंगळवारी आहे आणि निकाल गुरुवारी. मध्ये बुधवारी वर्ग आहे. मी तो पुढे ढकललेला नाही.